मदत हवी आहे: एचआयव्हीची घरी चाचणी, अ‍ॅप आणि आईच्या हातातला फोन

रावेर तालुक्यातला आहे, वय २६. गे आहे, घरी माहीत नाही. पाच आठवड्यांपूर्वी एकदा कंडोमशिवाय झालं. तेव्हापासून डोक्यात तेच. शेवटी घरी करायचं किट मागवलं, तेही भुसावळला मित्राच्या खोलीवर. (आमच्याकडे कुरियरवाला पार्सल किराणा दुकानात टाकतो आणि दुकानदार ते हलवून बघतो.) बोट टोचलं, थेंब टाकला, पट्टी बाथरूमच्या खिडकीत ठेवून वीस मिनिटं उभा राहिलो. फक्त 'सी'समोर रेघ आली, म्हणजे निगेटिव्ह.

एक अ‍ॅप टाकलं होतं. त्यातला व्हिडिओ झकास, नाहीतर थेंब कुठं टाकायचा तेच कळलं नसतं. पण परवा आई माझ्या फोनवर भरताचा व्हिडिओ बघत होती आणि वरून मेसेज उतरला, पुढची एचआयव्ही चाचणी बाकी आहे म्हणून. इंग्रजीत होता, वाचलो. "हे काय आलं रे भाऊ?" म्हटलं, बँकेचं.

आता सुटलो समजू का? आणि गुपचूप राहणारं, काँटॅक्ट न मागणारं अ‍ॅप आहे का? तालुक्याच्या दवाखान्यात जायला सांगू नका, तिथल्या समुपदेशक ताई वहिनीच्या माहेरच्या आहेत.

उत्तर:
भाऊ, सुटलो म्हणायची घाई नको. ही पट्टी विषाणू नाही, त्याच्याशी लढायला शरीर बनवतं त्या अँटिबॉडी शोधते, आणि त्या तयार व्हायला वेळ लागतो. त्या रात्रीपासून ९० दिवस मोजा आणि पुन्हा करा. तेव्हा 'टी'समोर पुसट रेघ आली तरी ती रेघच, म्हणजे पॉझिटिव्ह धरायची, पण पक्कं निदान पट्टीवर होत नाही, त्यासाठी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-चाचणी केंद्रात जायचं. तिथं फुकट असतं आणि कुठल्याही गावचं चालतं. नाव फोडायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे, पण वहिनीचं माहेर म्हणजे काय ते मलाही कळतं. मी धुळ्याला गेलो होतो. आधी बोलायचं असेल तर १०९७, एड्सची सरकारी हेल्पलाइन, टोल फ्री.

पुन्हा असं झालं तर पाच आठवडे झुरत बसू नका. ७२ तासांच्या आत पेपच्या, म्हणजे संबंधानंतर लागण रोखायच्या गोळ्या सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. थेट सिव्हिल गाठा.

अ‍ॅपचं म्हणाल तर अमेरिकेत एमोरी विद्यापीठाचं हेल्थमाइंडर गे पुरुषांसाठीच केलेलं, त्यातून किटही मागवता यायचं. पण तिकडं पार्सल किराणा दुकानात पडत नाही. तुमचंच अ‍ॅप ठेवा, फक्त सेटिंगमधून नोटिफिकेशन बंद करा, काँटॅक्ट-लोकेशनची परवानगी काढा आणि पट्टीचा फोटो अपलोड करू नका. तारीख कॅलेंडरमध्ये दुसऱ्याच नावानं टाका.

धागाकर्ता:
आभार. 'केळीला पोटॅश' नावानं टाकली. आईनं तेही वाचलं. म्हणाली, पोटॅश तर मागच्या आठवड्यातच दिलं ना?