खान्देशात राहून रिदमिक जिम्नॅस्टिक्सची प्रशिक्षक होता येईल का?

प्रश्न (क्रीडाशिक्षिका, अमळनेर)

बी.पी.एड. झाल्यापासून गेली दोन वर्षे मी एका शाळेत मानधनावर शिकवते. लहानपणी दोरीचा मल्लखांब केल्यामुळे तोल आणि लवचीकता मला अंगाने कळतात. २०२२ मध्ये पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत ठाण्याच्या संयुक्ता काळे हिने रिदमिकची, म्हणजे संगीतावर रिबन, चेंडू अशी साधने हाताळत करायच्या जिम्नॅस्टिक्सची, पाच सुवर्णपदके जिंकली, तेव्हापासून हाच खेळ शिकवावा असे मनाने घेतले आहे. घरचे म्हणतात, मग ठाणे नाहीतर पुणे गाठ. मला मात्र इथेच राहायचे आहे. स्वतः हा खेळ न खेळता प्रशिक्षक होता येते का, आणि त्यावर घर चालेल का?

उत्तर (प्रशिक्षिका, जळगाव)

ताई, होता येते. मात्र न खेळल्याची उणीव अभ्यासाने भरून काढावी लागते. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम ही सुरुवात समजा. मला त्याहून अधिक उपयोग पंचांच्या परीक्षेचा झाला. नियमावली दर ऑलिंपिकनंतर बदलते, आणि शारीरिक काठिण्य, साधनाचे काठिण्य, कलात्मकता व अचूकता यांचे गुण स्वतंत्रपणे कसे दिले जातात हे पंचाच्या खुर्चीत बसून पाहिल्याशिवाय ७५ ते ९० सेकंदांची रचना नीट बांधता येत नाही.

आपल्याकडची खरी अडचण जागेची आहे. १३ मीटर लांब-रुंद मोकळी जागा एखाद्या मंगल कार्यालयात मिळते, पण हूप (मोठे कडे) आणि क्लब (मुद्गलासारखे हातातले साधन) उंच फेकायचे असल्याने छत उंच हवे आणि वर पंखे नकोत. त्यात मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो. कूलर लावावा, तर त्याच्या झोताने ६ मीटरची रिबन भरकटते, तिला गाठ पडते आणि स्पर्धेत त्या गाठीचेही गुण जातात. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेपाचला पंखे बंद ठेवून आधी रिबन घेते आणि ऊन चढल्यावर चेंडू.

पैशांविषयी स्पष्ट सांगते. माझे घर लहान मुलींच्या साध्या जिम्नॅस्टिक्स वर्गांच्या फीवर चालते. स्पर्धेला उतरणाऱ्या मुलींचे पोशाख, साधने आणि प्रवास यांत त्याच फीमधला बराच भाग जातो. पहिली दोन-तीन वर्षे शाळेची नोकरी सोडू नका.

उत्तर (पालक, भुसावळ)

माझी मुलगी आठ वर्षांची असताना एका वर्गात स्प्लिट (दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकणे) लवकर बसावी म्हणून तिच्या खांद्यांवर भार देऊन दाबत असत. तिची जांघ कित्येक आठवडे दुखत होती आणि तिने ते भीतीपोटी आम्हाला सांगितले नाही. वजनावरून सर्वांदेखत बोलणे झाले, तेव्हापासून ती ताटातली भाकरी अर्धी ठेवू लागली. आम्ही वर्ग सोडला. तिला खेळ आवडत होता, याचे वाईट आजही वाटते. ताई, आपण वर्ग काढलात तर दुखते असे मुलीला निर्धास्तपणे सांगता यावे, एवढे पाहावे. सरकारी नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणाविषयी पालक विचारतीलच, परंतु वाढत्या वयातल्या हाडांची काळजी त्याआधीची आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. दुखण्याविषयी प्रत्येक मुलीला रोज स्वतःहून विचारीन. पंचांच्या पुढील परीक्षेला बसायचे ठरवले आहे. उद्या शाळेच्या सभागृहाच्या छताची उंची मोजून इथे कळवते; तिथे हूप फेकता येईल का, हे मॅडम, आपण सांगावे.