शब्दचर्चा: शिथिल, विसावा, निवणे... शवासनात नेमकं काय म्हणावं?

मूळ प्रश्न

आमच्या सोसायटीत संध्याकाळी ज्येष्ठांसाठी मी तासभर योगासनं घेते. शेवटची दहा मिनिटं शवासन. मी शिकले तसंच म्हणते, ‘पायाचे अंगठे शिथिल करा, घोटे शिथिल करा, पोटऱ्या शिथिल करा.’ परवा ८२ वर्षांचे एक आजोबा चटईवरून उठता उठता म्हणाले, ‘ताई, गात्रं शिथिल झालीत म्हणून तर इथं येतो. अजून किती शिथिल करू?’ रागावून नाही म्हणाले, पण मला ते लागलं. ‘रिलॅक्स व्हा’ असं मला म्हणायचं नाही. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे का?

प्रतिसाद

‘शिथिल’ चुकीचा नाही, शास्त्रातून आलेला आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत आसन कसं साधतं ते सांगताना ‘प्रयत्नशैथिल्य’ म्हटलंय. तिथे सैल पडायचा आहे तो प्रयत्न, शरीर नव्हे. मराठीत मात्र हा शब्द वेगळ्याच सोबतीत वावरतो. निर्बंध शिथिल होतात, अटी शिथिल होतात आणि म्हातारपणी गात्रं शिथिल होतात. आजोबांच्या कानाला तेच ऐकू आलं, आणि त्यांचं बरोबरच आहे. हातापायांसाठी सरळ ‘सैल सोडा’ म्हणा. मालिश करणाराही तेच म्हणतो, ‘हात सैल सोडा.’

प्रतिसाद

‘विश्रांती’ का नको? ‘हठप्रदीपिका’ या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात शवासनाचं वर्णनच ‘श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’ असं आहे. थकवा घालवणारं आणि चित्ताला विश्रांती देणारं.

प्रतिसाद

विश्रांती आता डॉक्टरांची झाली. ‘तीन दिवस सक्तीची विश्रांती.’ त्यापेक्षा ‘विसावा’ घ्या. मूळ एकच, श्रम उतरणं. पण विसाव्यात वाट शिल्लक असते. वारीत हा भेद रोज पाळला जातो. पालखी दुपारी टेकते तो विसावा आणि रात्री राहते तो मुक्काम. विसाव्याला कुणी गाठोडं सोडत नाही. झाडाखाली पाठ टेकायची, पाणी प्यायचं, टाळ वाजले की उठायचं. तुमची दहा मिनिटं अगदी अशीच आहेत. ज्येष्ठ माणसाला ‘शव’ हा शब्द ऐकवण्यापेक्षा ‘आता विसावूया’ म्हणणं मला जास्त प्रेमाचं वाटतं.

प्रतिसाद

विसावा अंगाचा झाला. मनासाठी माझं मत ‘निवणे’ला.

भाकरी तव्यावरून काढली की निवते. ताप उतरला की अंग निवतं. लेक बऱ्याच दिवसांनी घरी आली की आईचे डोळे निवतात. निवणे म्हणजे थंड होणे, पण गारठणे नव्हे. धग जाते, ऊब राहते. संस्कृतात विझणे, शमणे या अर्थाचा ‘निर्वा’ आहे. त्यातूनच ‘निर्वाण’ आलं आणि त्याच घरचं आपलं हे ‘निवणं’. एवढा मोठा शब्द आपण भाकरीला लावतो, याचा मला फार आनंद वाटतो.

शेजारीच ‘निवळणे’ आहे. आजोळी पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ यायचं, तेव्हा आजी निवळीचं बी घ्यायची. शर्टाच्या बटणासारखं गोल, राखाडी. सहाणेवर थोडं पाणी घालून ते उगाळायचं, ती पेज घागरीत ढवळायची आणि घागर कोपऱ्यात ठेवून द्यायची. ‘आता हात लावू नका,’ एवढंच ती म्हणायची. सकाळी गाळ तळाला आणि वर पाणी असं की घागरीचा पत्रा दिसावा. वरचं पाणी अलगद ओतून घ्यायचं. धक्का लागला की पुन्हा रात्रभर थांबा.

मला व्याकरणाचा मुद्दा मांडायचाय. निवणे, निवळणे, विसावणे ही सगळी अकर्मक क्रियापदं आहेत. ती घडतात, करायची नसतात. ‘मन शांत करा’ म्हटलं की माणूस करायला लागतो, म्हणजे घागर ढवळायला लागतो.

प्रतिसाद

तुमचं निवळीचं वर्णन वाचून डोळ्यांपुढे घागर उभी राहिली. पण मुद्दा पटला नाही. ‘निववणे’ हे सकर्मक रूप आहेच की. आणि तुकोबा काय म्हणतात? ‘मन करा रे प्रसन्न.’ तिथे स्पष्ट ‘करा’ आहे!

निवळीवाल्यांचं उत्तर

‘निववणे’ आहे, मान्य. पण निववणारा नेहमी दुसरा असतो. चांदणं डोळे निववतं, लेकरू जीव निववतं. स्वतःला कुणी निववत नाही.

तुकोबांपुढे मी हात जोडतो. मात्र ‘प्रसन्न’ शब्द उघडून बघा. संस्कृतात प्रसन्न पाणी म्हणजे गाळ बसलेलं, स्वच्छ पाणी. कतक म्हणजे आपली निवळी. तिच्याबद्दल एक जुनं वचन आहे की नुसतं नाव घेतल्यानं पाणी ‘प्रसीदति’, म्हणजे निवळतं, असं होत नाही. बी उगाळावंच लागतं. तेव्हा ‘करा’ हे उगाळण्यापुरतं खरं, हे तुमच्यामुळे सुचलं. माझं आधीचं म्हणणं एकांगी होतं.

प्रतिसाद

इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला बसून आलोय, म्हणून लिहितो. ‘विपश्यना’ या शब्दातलं क्रियापदही ‘पाहणे’ आहे. येणारा-जाणारा श्वास आहे तसा पाहायचा, लांब करायचा नाही की आखूड करायचा नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत गुडघ्यांनी जीव नकोसा केला होता, पण ‘करायचं काही नाही’ हे तिथेच कळलं.

प्रतिसाद

जाता जाता ‘ऊर्जे’वरही बोला. हल्ली सगळीकडे सकारात्मक ऊर्जा, नकारात्मक ऊर्जा. ऊर्जा शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात भेटलेली, ती माणसाच्या अंगात असल्यासारखी वाटत नाही. आजारातून उठलेला माणूस म्हणतो, ‘आज जरा हुशारी वाटतेय.’ चहानं तरतरी येते, चार माणसं भेटून गेली की मनाला उभारी येते. तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि एका ‘ऊर्जे’खाली आपण त्या पुरतोय. ‘रेकी’चंही तसंच. १९२२ च्या सुमारास जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी सुरू केलेली हस्तस्पर्शाची पद्धत ती रेकी. तिच्यातला ‘की’ म्हणजे साधारण आपला प्राण. पण बातम्यांतले चोर घराची ‘रेकी’ करतात, ती टेहळणी. त्या शब्दाचं याच्याशी काही नातं नाही.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल वर्गात ‘शिथिल’ एकदाही म्हटलं नाही. ‘हात सैल सोडा, पाय सैल सोडा, पाठ जमिनीवर सोडून द्या.’ मग थोडं थांबून, ‘आता मन निवू द्या.’ तोंडातून निघाल्यावर लक्षात आलं की ‘करा’ आणि ‘घडू द्या’ यांच्या वादाला आपल्या भाषेत हे ‘-ऊ द्या’ रूप आहेच. निवू द्या, निवळू द्या, विसावू द्या.

वेळ संपली तरी आजोबा उठले नाहीत. मी घाबरून जवळ गेले, तर श्वास संथ चाललेला, बोटं उघडी, एरवी घट्ट मिटलेला उजवा हातसुद्धा. पाच मिनिटांनी डोळे उघडून त्यांनी विचारलं, ‘भाकरी निवते तसं म्हणालात ना?’ मी भाकरीचं नावही घेतलं नव्हतं.