मदत हवी आहे: टाइल्सची पहिली रेघ कशाला धरून मारायची?

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरात बैठकीच्या खोलीत २ बाय २ फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्स टाकायच्या आहेत. खोली १० बाय १४ फूट, पण भिंती गुण्यात (काटकोनात) नाहीत. लांब भिंत शेवटपर्यंत दीड इंच तिरपी जाते. मिस्त्री म्हणतात, "भिंतीला धरून सुरू करू, फरक स्कर्टिंगखाली (भिंतीच्या तळाशी लावतात ती पट्टी) दबून जाते." दीड इंच कसा दबेल? स्कर्टिंगची जाडी अर्धा इंचही नसते!

माझा विचार असा: मधोमध रंगाच्या दोरीने रेघ मारायची आणि ३-४-५ च्या मापाने (३, ४ आणि ५ फूट बाजूंचा त्रिकोण धरून) काटकोन काढायचा (जागा आहे तर ६-८-१० फूटच घ्यावं, चूक कमी होते). टाइल खरी ६०० मिमीची, त्यामुळे भिंतीपासून सुरू केलं तर १० फुटांच्या रुंदीत पाच टाइल्सनंतर, सांधे धरून, जेमतेम दीड इंचाची पट्टी उरते. मधल्या रेघेवर सांधा आणला तर दोन्हीकडे फूटभराचे तुकडे बसतात.

अडलंय ते इथे: ही रेघ दाराच्या चौकटीला काटकोनात धरू की लांब भिंतीला समांतर? दारातून नजर सरळ सांध्यांवरच जाते. आणि आपल्याकडचा मे महिन्यातला उन्हाळा बघता, टाइल्स फुगायला भिंतीकडेला फट किती सोडता?