३१ ऑगस्टला भुसावळात २४ जणांचं जेवण: हॉटेलात जमेल का?

भुसावळचा_बंड्या · १७ ऑगस्ट २०२१

नमस्कार मंडळी. आमचे अप्पा ३१ ऑगस्टला रेल्वेतून रिटायर होताहेत. लोको पायलट आहेत. छत्तीस वर्षांतली निम्मी जेवणं रनिंग रूममध्ये (गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत), उरलेली इंजिनात, डब्याच्या झाकणात भाजी ओतून. लॉकडाऊनमध्ये आपण घरात बसलो तेव्हाही मालगाड्या चालूच होत्या. त्या काळात तर घरी आले की मागच्या खोलीत बसून त्याच डब्यात जेवायचे, आई दाराशी भाकरी ठेवून मागे सरकायची. लसीचा दुसरा डोस झाल्यावर आत्ता कुठे आमच्या पंगतीत आले.

म्हणून त्या दिवशी हॉटेलात जायचं ठरवलंय. हार-शाल ऑफिसात होईलच, मला फक्त त्यांना कुणीतरी गरम वाढलेलं बघायचंय.

माणसं २४. मावशीकडचे सहा चाळीसगावहून, आत्याकडचे तिघं कन्नडहून, बाकी घरचे नि शेजारचे. तीन हॉटेलं फिरलो. पहिला म्हणे, कोरोनामुळे पन्नास टक्केच माणसं बसवता येतात, तुम्हीच २४ बसलात तर मी बाकी गिऱ्हाईक कुठे घेऊ? दुसऱ्याला सगळे पैसे आजच हवेत. तिसरा म्हणाला, सगळ्यांची दोन डोसची सर्टिफिकेटं आणा. बायकोचा एकच डोस झालाय, कोविशिल्डला ८४ दिवस थांबावं लागतं, तिला घरी ठेवू का?

शेवभाजी आणि वरण-बट्टी पाहिजेच. आईचा चातुर्मास, त्यामुळे वांगं बाद. म्हणजे बट्टीसोबतची घोटलेली भाजी गेली, हे दुःख वेगळंच. कुणी इतक्यात असं जेवण केलंय का?

पिंप्राळेकर · १७ ऑगस्ट २०२१

आधी पैशाचं बोलतो, कारण माझे बुडालेत. मार्चमध्ये भाचीच्या साखरपुड्याचं जेवण १२ तारखेला ठरवलं होतं, पाच हजार ॲडव्हान्स दिला. जळगावात ११ च्या रात्रीपासून १५ च्या सकाळपर्यंत जनता कर्फ्यू लागला. हॉटेलवाला (नाव घेत नाही, तोही बिचारा मेटाकुटीला आलेला) म्हणे पैसे परत नाहीत, पुढे कधीतरी जेवून जा. पुढे एप्रिलमध्ये सगळंच बंद झालं आणि ते 'कधीतरी' अजून आलेलं नाही.

तर चौथा हिस्साच द्या, आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: शासनाने बंद केलं तर पैसे परत, आपली माणसं कमी आली तर काय ते. तोंडी 'होईल हो भाऊ'वर जाऊ नका.

हायवेचा_चुलवाला · १८ ऑगस्ट २०२१

मी या धंद्यातलाच आहे, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

१५ ऑगस्टपासून आम्हाला रात्री १० पर्यंत परवानगी आहे, पण शेवटची ऑर्डर ९ ला. त्याआधी चारलाच शटर खाली यायचं. आसनं निम्मी. आमच्या सगळ्या पोरांचे दोन्ही डोस आणि त्यावर १४ दिवस झालेले पाहिजेत. ही अट स्टाफला आहे, गिऱ्हाइकाला नाही. गिऱ्हाइकाला सर्टिफिकेट लागतं ते मॉलमध्ये. तिसऱ्याने दोन्ही एकत्र कालवलंय. वहिनींना खुशाल घेऊन या, फक्त आत येताना आणि टेबलाची वाट बघताना मास्क पाहिजे. एसी हॉल असेल तर किमान दोन खिडक्या किंवा दारं उघडी ठेवायची आहेत. तेव्हा 'एसी'चे जादा पैसे मागितले तर हसून नाही म्हणा.

पहिल्याचं दुखणं मात्र खरं आहे. साठ खुर्च्यांत तीसच माणसं बसवायची, त्यात तुमचे २४ दोन तास बसले तर संध्याकाळ गेली. म्हणून तुम्ही ७ ला या आणि साडेआठला उठा असं सांगून बघा. पुढची गिऱ्हाइकं त्याला घेता येतील, तो खुशीत तयार होईल. आणि सहा-सहाची चार टेबलं मागा. सलग २४ ची पंगत दिसली की रस्त्यावरून जाणाऱ्याला ते जेवण नाही, कार्यक्रम वाटतो, आणि मग दंड मालकाच्या बोडक्यावर. फुगे, बॅनर, माईक असलं काही नको. केक कापायचाच तर घरी कापा.

आता शेवभाजी. पातेल्यात आधीच शेव टाकून ठेवणारा असेल तर तिथून उठा. तिखट, जाड शेव असली तरी दहा मिनिटांत फुगते आणि अर्ध्या तासात लगदा होतो. २४ जणांना दीड किलो शेव लागेल. त्याला सांगा, रस्सा उकळता ठेव, आणि एकेका टेबलाची ताटं लागली की त्या टेबलापुरतीच शेव सोड. चार टेबलांचा फायदा इथेही आहे बघा.

बट्टी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. उकडून, कापून ठेवलेली असते, पण तळायची ती तुम्ही बसल्यावर. वांग्याऐवजी पातोड्यांचा रस्सा घ्या, मातोश्रींना चालेल. आकडा पक्का कधी देणार तेही आत्ताच ठरवा. आम्ही आदल्या रात्रीपर्यंत घेतो. त्यानंतर कुणी गळालं तर कणीक मळून झालेली असते.

बोरीकाठचा · १८ ऑगस्ट २०२१

अमळनेरकडून. हॉटेलच कशाला? आम्ही जुलैत मळ्यात गोवऱ्यांवर बट्ट्या भाजल्या. ना पन्नास टक्के, ना नऊ वाजता ऑर्डर. निंबाखाली सतरंज्या टाकल्या की झालं. काय ते पावसाचं बघा म्हणजे झालं, ऑगस्ट अखेरीचा भरवसा नाही.

बाकी तुमना अप्पाले मना रामराम सांगजा.

भुसावळचा_बंड्या · १९ ऑगस्ट २०२१

मळा चांगला, पण मळ्यात अप्पा बसणार नाहीत. ते गोवऱ्या फुंकत बसतील. हॉटेलच.

चुलवाले भाऊंचा मजकूर जसाच्या तसा पहिल्या हॉटेलवाल्याला वाचून दाखवला. 'साडेआठला उठतो' म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. सहाची चार टेबलं, चौथा हिस्सा ॲडव्हान्स, व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. पक्का आकडा ३० ला रात्री ९ पर्यंत.

भुसावळचा_बंड्या · २ सप्टेंबर २०२१

काय झालं ते सांगायचं राहिलं.

३० ला रात्री ९ ला मी '२४ पक्के' असा मेसेज टाकला आणि त्याच रात्री चाळीसगावकडे आभाळ फाटलं. सकाळी उठतो तर कन्नड घाटात दरड कोसळलेली, रस्ता बंद. तितूर नि डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलेलं. मावशीच्या ओट्यापर्यंत आलं होतं, माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप. आत्या कन्नडलाच अडकली. जेवणातले नऊ जण कमी झाले. एक मन म्हणत होतं, रद्द करू. मावशीनेच फोनवर दरडावलं, 'माझ्या नावाने जेवण मोडाल तर बघा.'

हॉटेलवाल्याला फोन केला. कणीक भिजलेली होती, पण त्याने कुरकुर केली नाही. म्हणे नऊ ताटांचं पार्सल करून देतो, बट्टी न तळता, शेव वेगळी बांधून. चौथं टेबल त्याने दुसऱ्यांना दिलं.

आम्ही पंधरा जण सातला बसलो. अप्पा वेटर येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले होते. बट्टी वाढली, त्याने वरून तूप सोडलं, तर हे म्हणतात, 'पुरे, पुरे, पुढच्याला राहू दे.' तिसऱ्या बट्टीला मात्र पुरे म्हणाले नाहीत. दर थोड्या वेळाने घड्याळ बघत होते, ती सवय आहे. आठ पंचविसाला स्वतःच उठले.

पार्सल काल घरी तळलं. शेव रश्श्यात आईने स्वतः सोडली, वाढायच्या क्षणी. घाट अजून बंद आहे.