तेलावर जगणाऱ्या देशाने व्यापार करारात शिरावे का?

निवृत्त रसायन अभियंता, गोत्री, वडोदरा:
कोयलीच्या रिफायनरीच्या आधाराने आपल्या शहराभोवती उभे राहिलेले उद्योग पाहण्यात माझे आयुष्य गेले, त्यामुळे तेलाच्या देशाने केवळ तेल विकावे हे मला कधी पटले नाही. सौदी अरेबिया बारा वर्षांच्या वाटाघाटींनंतर ११ डिसेंबर २००५ रोजी जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, तो कच्च्या तेलासाठी नव्हे. त्यावरचे आयात शुल्क बहुतेक ठिकाणी मुळातच नगण्य असते. त्याला आपल्या पेट्रोरसायनांसाठी, म्हणजे तेल-वायूपासून बनणाऱ्या रसायनांसाठी आणि प्लास्टिकसाठी, परक्या बाजारात बरोबरीची वागणूक हवी होती. अशा देशाने सदस्य झालेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका, दांडिया बाजार:
साहेब, आपण सोयीचे उदाहरण घेतले आहे. नायजेरिया १९९५ पासून, म्हणजे संघटनेच्या स्थापनेपासून सदस्य आहे. तरी त्याची निर्यात आजही मुख्यतः तेल आणि वायूचीच आहे आणि कडुना शहरातील मोठमोठ्या कापडगिरण्या बंद पडल्या. तेलाचे डॉलर आले की देशाचे चलन महागते, आणि चलन महागले की बाहेरचे कापड घरच्या कापडापेक्षा स्वस्त पडते. अशा वेळी, सदस्य होताना शुल्क वाढवायचे नाही असे वचन देऊन बसलेल्या सरकारने गिरणी वाचवायची कशी?

प्लास्टिक पिशव्यांचे उत्पादक, मकरपुरा:
बाई, नायजेरियाने सदस्य असतानाही कित्येक वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली, ऑगस्ट २०१९ मध्ये जमिनीवरच्या सीमासुद्धा मालासाठी बंद केल्या. तरी कापडधंदा सावरला नाही, कारण विजेचा भरवसा नव्हता आणि जनरेटरवर चालणाऱ्या गिरणीचे कापड कोणत्याही शुल्काने स्वस्त होत नाही. मात्र साहेबांचेही मला पटत नाही. माझ्या गोदामात पिशव्यांसाठी लागणाऱ्या प्लास्टिकच्या दाण्याच्या पंचवीस किलोच्या गोण्यांची थप्पी आहे आणि त्यांतल्या काहींवर अरबी अक्षरे आहेत. तो दाणा मला परवडतो, याचे मूळ करारात नसून सौदी सरकार आपल्या कारखान्यांना देत असलेल्या स्वस्त वायूत आहे. वाटाघाटींत युरोपचा आक्षेप याच दरावर होता. साबिक ही सौदीची पेट्रोरसायन कंपनी तर १९७६ सालची, सदस्यत्वाच्या कितीतरी आधीची.

निवृत्त रसायन अभियंता:
आधी कारखाना आणि मग करार, हा क्रम मला मान्य आहे. पण हात बांधले जातात हे पुरते खरे नाही. वचन असते ते कमाल शुल्काचे, त्या मर्यादेपर्यंत शुल्क वाढवता येते. तेलाचे भाव कोसळल्यावर जून २०२० मध्ये सौदीने अनेक वस्तूंवरील आयात शुल्क वाढवलेच.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका:
वाढवता आले, कारण वाटाघाटींत तेवढी जागा राखून ठेवली होती, आणि माझा आग्रह नेमका तोच आहे. इराक आणि अल्जेरिया हे तेलाचे देश अजून संघटनेबाहेर आहेत. उद्या कोणते कारखाने उभारायचे हे त्यांनी आधी ठरवावे, त्या मालावरची कमाल मर्यादा वर ठेवून घ्यावी, आणि मगच सही करावी. त्यासाठी आणखी दहा वर्षे लागली तरी चालतील.