डांबरी शिंगलचं छप्पर: तेल पाजून जगवायचं की उखडून टाकायचं?

प्लेनोकर:
टेक्सासात आमच्या भागात डांबरी शिंगलच्या, म्हणजे कौलांसारख्या एकमेकांवर बसवलेल्या पट्ट्यांच्या, छपराला १५ वर्षं झाली की दारावर रूफरची (छप्पर बसवणाऱ्यांची) रांग लागते आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, "सगळं उतरवा." माझं मत उलट आहे. वरचे दगडी दाणे शाबूत आहेत, आतली जाळी उघडी पडलेली नाही, फक्त डांबर कोरडं पडायला लागलंय, असं छप्पर उखडणं ही उधळपट्टी आहे.

शिंगल म्हणजे मधे फायबरग्लासची जाळी, तिच्या दोन्ही अंगांना चुनखडीची भुकटी मिसळलेलं डांबर आणि वर रंगीत दगडी दाणे. डांबरातही दोन घटक असतात: कडक अस्फाल्टीन आणि त्याला लवचीक ठेवणारे तेलकट माल्टीन. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षं काम करतात. तेलकट भाग थोडा उडून जातो, थोडा कडक भागात बदलतो. मग उन्हाळ्यातलं फुगणं आणि थंडीतलं आकसणं शिंगलला सोसवत नाही. बारीक चिरा पडतात, दाण्यांवरची पकड सुटते. दाणे गेले की अतिनील किरण थेट डांबरावर येतात आणि पुढची झीज फार झपाट्याने होते.

यावर उपाय म्हणून सोयाबीन तेलापासून केलेलं मिथिल एस्टर, हा एक तेलकट द्रव, पाण्यात मिसळून फवारतात. यातलं एक तंत्र ओहायोतल्या बॅटेल या संशोधन संस्थेत विकसित झालं. विकणारे एका फवारणीला ५ वर्षं सांगतात. मी म्हणतो ३ मिळाली तरी घ्यावीत. खर्च नव्या छपराच्या मानाने किरकोळ आहे. शिवाय अमेरिकेत दरवर्षी १ कोटी टनांहून जास्त शिंगलचा कचरा निघतो. त्यातला थोडा रस्त्याच्या डांबरात जातो, बाकीचा जमिनीत पुरतात. हे मला पटत नाही.

जर्सीकर:
साफ असहमत. छप्पर गळतं कुठे ते आधी बघा. चिमणीच्या कडेला, दोन उतार मिळतात त्या व्हॅलीत, हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपभोवतीचं रबर तडकलं की तिथे. यातलं एकही तेलाने बुजत नाही. दुसरं, शिंगलच्या खालच्या अंगाला डांबराची चिकटपट्टी असते, ती खालच्या ओळीला धरून ठेवते. धूळ बसून ती एकदा सुटली की वाऱ्याला शिंगल उचलायला वेळ लागत नाही. वरून फवारलेलं तेल ती पट्टी परत चिकटवतं, हे मला कुणीतरी दाखवावं.

आमच्या शेजारच्या घरावर गेल्या वर्षी असा फवारा मारून घेतला होता. पावसानंतर त्यांच्या डाउनस्पाउटच्या (छपराचं पाणी खाली आणणाऱ्या नळाच्या) तोंडाशी बघितलं, काळ्या दाण्यांचा ओंजळभर ढीग. गेलेले दाणे कुठलंही तेल परत आणत नाही.

प्लेनोकर:
@जर्सीकर, दाणे गेलेल्या छपरावर मारा असं मी म्हटलेलंच नाही. दाणे शाबूत असलेल्या छपराबद्दल बोलतोय. रबराचं म्हणाल तर ते बदलायला छप्पर उतरवावं लागत नाही, एक माणूस तासाभरात बदलून जातो.

डांबरकाम_पुणे:
रस्त्याच्या कामात आहे म्हणून लिहितो. जुन्या डांबरात रीजुव्हनेटर (त्याला पुन्हा मऊ करणारं तेल) घालून ते पुन्हा वापरणं हे सिद्ध तंत्र आहे, भारतात त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी १२०: २०१५ ही मार्गदर्शिकाही आहे. पण तिथे जुना थर खरवडून, गरम करून, नवं डांबर आणि तेल घालून सगळं घोळलं जातं. छपरावर थंड द्रव वरून पडतो, तो किती खोल मुरतो हाच खरा प्रश्न.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. रस्त्याचं व्हीजी-३० या प्रतीचं डांबर साधारण ४७ अंशांच्या पुढे मऊ होतं. छपराच्या डांबरात कारखान्यातच गरम हवा फुंकतात, म्हणून त्याचा हा बिंदू १०० अंशांच्या आसपास असतो. उताराच्या छपरावर उन्हात ते ओघळू नये यासाठीच हा खटाटोप. म्हणजे हे डांबर मुळातच ऑक्सिडाइज केलेलं. तेव्हा जास्त तेल दिलं तर फायदाच होईल असं गृहीत धरू नका, प्रमाण महत्त्वाचं.

टँपावासी:
आमच्याकडे प्रश्न डांबराचा कमी आणि विम्याचा जास्त. फ्लोरिडात २०२२ च्या कायद्यानुसार १५ वर्षांच्या आतल्या छपराला केवळ वयाच्या कारणावर विमा नाकारता येत नाही. त्यापुढच्या छपराची तपासणी करून घ्यायची मुभा मालकाला द्यावी लागते, आणि तपासणीत निदान ५ वर्षांचं आयुष्य शिल्लक निघालं तर वयावरून नकार देता येत नाही. विकणारेही नेमकी ५ वर्षंच सांगतात, त्यामुळे लोकांना वाटतं फवारणीची पावती दाखवली की झालं. तसं नाही. अहवाल तपासनीस देतो, तो डोळ्यांनी छप्पर बघतो. पावतीवर विसंबून कुणी पैसे घालू नयेत, इतकंच सांगते.

जर्सीकर:
@प्लेनोकर, तुमच्या टेक्सासात गारपीट आहे. तेच पैसे साठवून पुढच्या खेपेला चौथ्या श्रेणीची, म्हणजे मार सोसण्याच्या चाचणीत उतरलेली, शिंगल टाका. त्या चाचणीत २ इंचांचा पोलादी गोळा २० फुटांवरून सोडतात. विम्याच्या हप्त्यात सवलतही मिळते. आणि फवारणी करण्याआधी शिंगलच्या उत्पादकाला लेखी विचारा. शिंगल उत्पादकांची संघटना घरी बसवलेल्या शिंगलवर नंतर कोटिंग लावायची शिफारस करत नाही.

प्लेनोकर:
कोटिंग वेगळं. ते वर पापुद्रा धरतं, खाली ओल अडकते, त्याला माझाही विरोधच आहे. हे तेल मुरतं.

चौथी श्रेणी घ्यावी, जरूर घ्यावी, पण आहे ते छप्पर संपल्यावर. मी दोन उतारांवरच्या एकेका शिंगलची कड अलगद उचलून पाहिली. उत्तरेकडची वाकली आणि परत बसली. दक्षिणेकडची पापडासारखी कडकन मोडली. एकाच दिवशी बसवलेलं, एकाच गठ्ठ्यातलं छप्पर. मग रूफर दोन्ही उतारांना एकच वय लावून सगळं का उतरवतो?

शार्लटची_अवनी:
दोन्ही बाजूंनी अ‍ॅटिकचा विषय सुटला. छपराखालच्या त्या पोकळ माळ्यात हवा खेळत नसेल तर शिंगल दोन्हीकडून भाजते. सॉफिटच्या (छपराच्या बाहेर आलेल्या कडेखालच्या) हवेच्या जाळ्या इन्सुलेशनने बुजलेल्या किती घरांत बघितल्यात! तेल मारायच्या आधी टॉर्च घेऊन वर जा.

डांबरकाम_पुणे:
@प्लेनोकर, मग दक्षिण उतारावर करूच नका, ती वेळ गेली. उत्तरेकडे आणि पूर्वेकडे करा. पण फवारणीआधी एक शिंगल काढून सावलीत जपून ठेवा, वर्षाने त्याच ओळीतली दुसरी काढा आणि दोन्ही सारख्याच थंडीत वाकवून बघा. विकणाऱ्याकडेही असाच नमुना मागा. द्यायला तयार नसेल तर काम देऊ नका.

प्लेनोकर:
हे करतो. दक्षिणेचा उतार या हिवाळ्याआधी बदलून घेतोय, बाकीचे ठेवतोय.

जर्सीकर:
अर्धं छप्पर नवं, अर्धं जुनं. रिजवर, म्हणजे छपराच्या माथ्यावर, सांधा नीट बसवून घ्या, त्यावरच्या रिज कॅप सगळ्या नव्या टाकायला लावा. बाकीचं माझं मत तेच आहे.