मदत हवी आहे : सी४ प्रथिनामुळे वळलेली पानं, पण नवी पानं सरळ का?

टोमॅटो लीफ कर्ल विषाणूचं सी४ जनुक पीव्हीएक्स (बटाट्याचा एक्स विषाणू) वाहकात घालून निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या नातलगाच्या ५-६ पानांच्या रोपांत ॲग्रोइन्फिल्ट्रेशन (ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणू पानात टोचणं) केलं आहे. ओडी (जिवाणूंच्या द्रावाची घनता) ०.५, बफरमध्ये १० मिलिमोलर एमईएस (पीएच ५.६), १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १५० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन, टोचण्याआधी ३ तास खोलीच्या तापमानाला. नवव्या दिवशी वरची पानं वळतात, शिरा फुगतात. रिकाम्या वाहकावर नुसता फिकट मोझॅक, म्हणजे वळण सी४चंच. तिसऱ्या आठवड्यातली पानं मात्र सरळ!

पीव्हीएक्समध्ये प्रवर्तक (जनुक चालू करणारा भाग) दोनदा असल्याने पुनर्संयोजन होऊन जनुक गळतं, हा पहिला संशय. जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या प्रायमरनी आरटी-पीसीआर (आरएनएवरून जनुक शाबूत आहे का ते बघणारी चाचणी) करायला कितव्या दिवसाचं, कितवं पान घ्यावं?

खरी अडचण पुढची. सी४ यजमानाच्या बिन२सारख्या कायनेजला (इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणाऱ्या विकराला) चिकटतं, काही विषाणूंत आरएनए सायलेन्सिंगही (विषाणूचं आरएनए तोडणारा रोपाचा बचाव) दाबतं. सी४मधलं दुसऱ्या जागचं ग्लायसिन बदललं की मिरिस्टॉइल (एक मेदाम्ल) जोड जाते आणि प्रथिन पेशीपटलावर टिकत नाही. मग लक्षणं गेली तर ती यांपैकी कोणतं काम थांबल्याने, हे वेगळं कसं करता? प्रथिन बनतंय का हे वेस्टर्नने (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखणारी चाचणी) बघायला टॅग (ओळखीसाठी जोडलेला तुकडा) हवा. तो एन-टोकाला (प्रथिनाच्या सुरुवातीला) लावला तर मिरिस्टॉइल जोडच होणार नाही. सी-टोकाला (शेवटी) टॅग लावून लक्षणं तशीच राहिली असतील, तर कोणता टॅग वापरलात ते जरूर कळवा.